भाऊबीजेनंतर एसीवाल्याला बोलवा

होळी पेटली की पुण्यातल्या एसी मेकॅनिकचा फोन लागेनासा होतो. लागलाच तर तो उचलत नाही, उचललाच तर ‘उद्या बघतो’ म्हणतो, आणि त्याचा तो उद्या चार-पाच दिवसांनी उजाडतो. तोवर घरात आजोबा पंचाने वारा घेत बसलेले, नातीची परीक्षा चालू, आणि एसीतून येतो तो नुसता वारा. शेवटी मेकॅनिक येतो. खिशातला फोन वाजत असतानाच तो जाळ्या काढून बेसिनमध्ये धुतो, बाहेरच्या युनिटला गेज लावतो, काटा पाहतो आणि म्हणतो, “काका, गॅस कमी झालाय. भरून देऊ का?” अडीच-तीन हजार रुपये हातावर पडतात, गार हवा सुरू होते, घर सुटकेचा श्वास टाकतं. पुढच्या वर्षी त्याच सुमारास हेच सगळं पुन्हा.

या घाईच्या भेटीत काय राहून जातं, ते गेलं वर्षभर मी मेकॅनिक मंडळींच्या मागे फिरून, त्यांच्याशी बोलून समजून घेत होतो. एसीची वार्षिक सर्व्हिस आपण चुकीच्या महिन्यात करतो, आणि पुढचा बहुतेक बिघाड, बहुतेक खर्च आणि हवेत जाणारा बहुतेक गॅस त्या चुकीच्या महिन्यातून येतो, असं माझं ठाम मत झालं आहे. दिवाळी सरते तेव्हा ऑक्टोबर हीट ओसरलेली असते, एसीचा रिमोट कुठेतरी टीव्हीमागे गेलेला असतो. सर्व्हिसची खरी वेळ तीच आहे.

पुण्याला एसी लागतो हे कबूल करायलाच आपल्याला फार वेळ लागला. भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून इथे आलं आणि शिवाजीनगरची ती इमारत आजही बस कंडक्टरच्या तोंडी ‘सिमला ऑफिस’च आहे. त्याच शिवाजीनगरच्या वेधशाळेत २०१९ च्या एप्रिलअखेरीस पारा ४३ अंशांवर गेला, तेव्हा ‘पुणं आता पूर्वीचं राहिलं नाही’ असं जो तो म्हणत होता. पण १८९७ च्या एप्रिलमध्येही पुण्याने ४३.३ अंश पाहिलेले आहेत. ऊन जुनंच आहे, घरं बदलली. पेठांमधल्या वाड्याच्या जाड भिंती, मधला चौक, माजघरातला काळोख यांनी दुपार थोपवून धरली जायची आणि रात्री गच्चीवर अंथरूण टाकलं की झोप लागायची. आज सातव्या मजल्यावर चार-सहा इंची ब्लॉकच्या भिंती, पश्चिमेला मोठी सरकती काच आणि वर दिवसभर तापलेला स्लॅब. बाहेर रात्री दहाला हवा निवते, पण खोली मध्यरात्रीपर्यंत निवत नाही. त्यात कोरेगाव पार्क, मगरपट्टा, लोहगावकडचे उन्हाळ्यातले आकडे अनेकदा शिवाजीनगरपेक्षा चढे असतात. तिथल्या माणसाला एसी चैनीसाठी लागतो असं म्हणणं अन्यायाचं आहे.

आणि गंमत नव्हे, अभिमानाची गोष्ट म्हणून सांगतो: थंडावा तयार करण्याचं ज्ञान या भागाला परकं नाही. हडपसरची किर्लोस्कर न्यूमॅटिक १९५८ पासूनची. बर्फाच्या कारखान्यांना आणि शीतगृहांना लागणारे अमोनियाचे कॉम्प्रेसर तिथे बनत आले. एसीचा ‘टन’ आला तोही बर्फातूनच. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता खोलीतून उपसून बाहेर टाकणारा तो एक टनाचा एसी. सातारा रस्त्याने तासाभरावर शिरवळ आहे. तिथल्या गोदरेजच्या कारखान्याबद्दल पुढे लिहितोच.

पुण्याच्या हवेचा एक स्वभाव मेकॅनिकला पाठ असतो, आपल्याला नाही. इथला उन्हाळा कोरडा. मार्च-एप्रिलच्या दुपारी हवेत ओल जवळजवळ नसते आणि धूळ भरपूर असते: मेट्रोचं काम, खोदलेले रस्ते, उपनगरांतली बांधकामं, वाघोलीकडच्या खाणी आणि क्रशर. मुंबईत एसीच्या कॉइलवर सतत पाणी सुटतं आणि ते थोडीफार धूळ घेऊन खाली वाहतं. पुण्यात एप्रिलमध्ये पाणी इतकं कमी सुटतं की धूळ कॉइलवर बसते आणि तिथेच राहते. पाणी बाहेर नेणारी ड्रेनची नळी तुंबली आहे हेही या दिवसांत कुणाच्या लक्षात येत नाही. मे महिन्यात वळवाचा पहिला दणका बसतो, हवेत ओल येते, आणि त्या रात्री पाणी नळीतून जायच्या ऐवजी हॉलच्या भिंतीवरून ओघळतं. दुसऱ्या दिवशी ‘एसी गळतोय’ म्हणून फोनांची रांग लागते. नळी तुंबलेली असते मागच्या पावसाळ्यापासून.

निवांत केलेली सर्व्हिस कशी असते ते मी कोथरूडमधल्या एका सोसायटीत, ऑक्टोबरच्या अखेरीस, शेजारी उभं राहून पाहिलं. मेकॅनिक तिशीतला, मूळचा उमरग्याकडचा, आयटीआय केलेला. काकूंनी चहाचं विचारलं तर म्हणाला, “आधी काम होऊ द्या काकू, मग निवांत घेतो.” आल्याबरोबर त्याने एसी बंद न करता उलट चालू करायला लावला. दहा-पंधरा मिनिटं तो नुसता ऐकत होता: ब्लोअर घासतोय का, कॉम्प्रेसर कधी सुरू होतो, बाहेरचा पंखा थरथरतोय का. मग त्याने खिशातून वायरवाला छोटा डिजिटल थर्मामीटर काढला. एकदा वरच्या बाजूला धरला, जिथून खोलीतली हवा आत ओढली जाते. मग खालच्या झडपेशी धरला, जिथून गार हवा बाहेर पडते. वर २८, खाली २१.

“सातचा फरक आहे,” तो म्हणाला. “चांगल्या एसीत दहा-बाराचा यायला पाहिजे. आता धुवून झालं की परत लावू. म्हणजे काम झालं की नाही ते तुम्हालाच दिसेल.”

शंभर-दीडशे रुपयांत मिळणारा हा थर्मामीटर माझ्या मते प्रत्येक एसीच्या घरात असावा. गार वाटतंय की नाही हे अंगाला नीट कळत नाही; उन्हातून आलेल्या माणसाला पंखासुद्धा गार वाटतो. आकडा मात्र स्वच्छ बोलतो.

जाळ्या धुणं हा सर्व्हिसचा सर्वांत सोपा भाग, आणि तो घरच्यांनीच करायचा असतो. सीझनमध्ये दर दोन-तीन आठवड्यांनी नळाखाली, आतल्या बाजूने पाण्याची धार धरून, आणि सावलीत वाळवून. ज्या सर्व्हिसमध्ये फक्त जाळ्या धुतल्या जातात, तिचे पैसे कशाचे दिले हे विचारायला हरकत नाही. खरं काम जाळीच्या मागे आहे. तिथे कूलिंग कॉइल असते: तांब्याच्या नळ्यांवर ॲल्युमिनियमचे कागदासारखे पातळ पडदे, एकमेकांपासून मिलिमीटर-दीड मिलिमीटरवर. खोलीतली सगळी हवा त्या फटींतून जाते. जाळीतून सुटलेली बारीक धूळ तिथे ओलाव्याला चिकटते आणि पावसाळ्यात तिच्यावर बुरशी धरते. चालू केल्यावर पहिली पाच मिनिटं जो कुबट वास येतो, तो याचाच.

त्याने युनिटखाली प्लास्टिकची मोठी पिशवी बांधली, तिची नळी बादलीत सोडली, पीसीबीवर, म्हणजे आतल्या इलेक्ट्रॉनिक पाटीवर, पिशवी गुंडाळली आणि छोट्या जेट पंपाने वरून खाली पाणी मारायला सुरुवात केली. आडवं मारलं तर पडदे वाकतात आणि फटी बुजतात. बादलीत आधी राखाडी पाणी आलं, मग काळं. काळं आलं ते ब्लोअरमधून. ब्लोअर म्हणजे आतला लांब गोल पंखा. त्याच्या बारीक पात्यांच्या खोबणीत काजळीसारखा चिकट थर होता. हल्ली फ्लॅटमध्ये हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये दार नसतं. वर्षभराच्या फोडण्या आणि दिवाळीचं तळण यांची वाफ हॉलमधल्या एसीपर्यंत पोचते, तेलाचा अंश पात्यांवर बसतो आणि त्याच्यावर धूळ. पाती भरली की पंखा तितकाच फिरतो पण हवा कमी ढकलतो. म्हणून मी म्हणतो, चकल्या-शेव-कडबोळी आटोपू द्या, पाहुणे जाऊ द्या, आणि भाऊबीजेनंतर, तुळशीच्या लग्नाच्या आसपास मेकॅनिकला बोलवा.

ड्रेनच्या ट्रेमध्ये त्याने बाटलीभर पाणी ओतलं आणि बाहेरच्या टोकाला कुणालातरी उभं केलं. पाणी थेंबथेंब आलं. फुंकणीने हवा मारल्यावर नळीतून हिरवट-तपकिरी बुळबुळीत गोळा निघाला आणि मग धार लागली. एप्रिलमध्ये ही तपासणी कुणी करत नाही, कारण एप्रिलमध्ये पुण्यात पाणी फारसं सुटतच नाही.

बाहेरच्या युनिटचं झाकण काढल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. वायर जिथे स्क्रूखाली दाबलेली असते तिथे एक जोड सैल होऊन काळा पडला होता. सैल जोड तापतो, तापला की आणखी सैल होतो, आणि पुढे वायर जळते. त्याने वायरचं टोक कापून नवा थिंबल बसवला, स्क्रू आवळला, अर्थिंग तपासलं. पाचेक मिनिटांचं काम. सगळं वाळल्यावर थर्मामीटर पुन्हा लावला: अकराचा फरक. गॅसच्या सिलिंडरला त्याने हातही लावला नव्हता. एप्रिलमध्ये घाईत आलेल्या माणसाने हाच एसी पाहिला असता, तर मला खात्री आहे, गॅस भरला असता.

आता त्या गॅसविषयी. एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांमध्ये गोल फिरतो. आत खोलीतली उष्णता घेऊन वाफ होतो, बाहेर ती टाकून पुन्हा द्रव होतो. घरातला फ्रीज पंधरा-वीस वर्षं रात्रंदिवस चालतो, त्यात दर उन्हाळ्याला गॅस भरायला कुणी येतं का? एसीची व्यवस्था तीच आहे. गॅस कमी झाला असेल तर तो कुठूनतरी गळला आहे. आणि गळती न शोधता गॅस भरला, तर नवा गॅसही त्याच वाटेने जाणार, हे सांगायला तंत्रज्ञ लागत नाही.

फ्रीज गळत नाही आणि स्प्लिट एसी गळतो, याचं कारण सोपं आहे. फ्रीज कारखान्यात सांधून बंद होऊन येतो. स्प्लिट एसीचे दोन तुकडे तुमच्या घरी येतात आणि तांब्याच्या नळ्यांनी तुमच्या भिंतीवर जोडले जातात. नळीचं तोंड फुलपात्राच्या कडेसारखं पसरवून पितळी नटाने आवळायचं, याला फ्लेअर म्हणतात. फ्लेअर तिरका झाला, नट कमी-जास्त आवळला, तर महिन्याला चिमूटभर गॅस जात राहतो. पुण्यात हे जोड वारंवार उघडले जातात, कारण हे भाडेकरूंचं शहर आहे. अकरा महिन्यांचा करार संपतो, हिंजवडीजवळचं घर सोडून माणूस खराडीला जातो, एसी काढला जातो आणि नव्या भिंतीवर पुन्हा जोडला जातो. तीन घरं फिरलेला एसी गळत नसेल तर तो जोडणाऱ्या हातांचं कौतुक करायला हवं.

गळतीचं दुसरं ठिकाण आतली कॉइल. सांडपाण्याच्या नाल्यांजवळच्या आणि नदीकाठच्या ज्या भागांत सडक्या अंड्यासारखा वास येतो, तिथल्या हवेत हायड्रोजन सल्फाइड असतो. तो तांब्याला काळं पाडतो, कुरतडतो, पीसीबीवरच्या जोडांनाही सोडत नाही. अशा ठिकाणी चांगल्यात चांगला एसीही लवकर दुखणाईत होतो, आणि दोष कंपनीच्या माथी मारला जातो. नदी स्वच्छ ठेवण्याचं हे एक कारण आपल्या यादीत कुणी घालत नाही, मी घालतो.

गळती शोधायची रीत अशी. उरलेला गॅस काढून घ्यायचा, नळ्यांमध्ये दाबाने नायट्रोजन भरायचा, प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. बारीक गळतीला बुडबुडा दिसत नाही. तेव्हा दाब तसाच ठेवून काही तासांनी, शक्य तर दुसऱ्या दिवशी, काटा उतरला का ते पाहायचं. इथे नायट्रोजनच हवा. ऑक्सिजन भरून बघणारे लोक आहेत, आणि ते जिवाशी खेळणं आहे, कारण दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरमधलं तेल एकत्र आले की स्फोट होतो. जोड दुरुस्त झाल्यावर व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल पूर्ण ओढून काढायची. ओल राहिली तर तेलात आम्ल तयार होतं आणि कॉम्प्रेसर आतून खराब होतो. मग गॅस भरायचा, तोही वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून, मोजून. किती भरायचा ते बाहेरच्या युनिटवर चिकटवलेल्या पट्टीवर ग्रॅममध्ये छापलेलं असतं. उद्या सकाळी आपल्या घरची पट्टी वाचा. गॅसचं नाव आणि वजन दोन्ही तिथे आहेत.

जुन्या मेकॅनिकांना ‘साठ-सत्तरचं प्रेशर आलं की झालं’ हा हिशेब तोंडपाठ होता. तो जुन्या आर-२२ गॅसचा. हल्लीच्या आर-३२ आणि आर-४१०ए या गॅसचे दाब त्याच्या जवळजवळ दुप्पट असतात, आणि इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसर आपला वेग सारखा बदलत असल्याने नुसता काटा पाहून काहीच खात्रीने सांगता येत नाही. वजनकाटा हाच खरा साक्षीदार.

हे सगळं एप्रिलच्या दुपारी होईल का? नायट्रोजन भरून एसी रात्रभर तसाच ठेवतो म्हटलं तर घरातलं कोण ऐकेल? मेकॅनिकच्या पुढे दिवसाचे दहा पत्ते उभे. म्हणून तो भरतो आणि जातो. त्याला दोष देताना आपण त्याला किती वेळ दिला होता हेही पाहावं. नोव्हेंबरमध्ये एसी दोन दिवस उघडा पडला तरी कुणाचं काही अडत नाही. गळती शोधायला लागते ती हीच सवड.

गळलेल्या गॅसची गोष्ट घरापुरती राहत नाही. आर-२२ ओझोनचा थर विरळ करतो. १९८७ च्या माँट्रियल करारात भारत १९९२ साली सामील झाला आणि टप्प्याटप्प्याने हा गॅस नव्या यंत्रांतून हद्दपार झाला. त्याच्या जागी आलेले गॅस ओझोनला धक्का लावत नाहीत, पण हवा तापवतात. एक किलो आर-४१०ए हवेत सुटला तर त्याचा परिणाम साधारण दोन हजार किलो कार्बन डायऑक्साइडइतका. आर-३२ चा सुमारे पावणेसातशे किलोइतका. दीड टनाच्या एसीत किलोच्या आसपास गॅस असतो. तो दरवर्षी गळून दरवर्षी भरणारं एक घर हवेत काय टाकतं, याचा हिशेब वाचकाने आपल्या गाडीच्या धुराशी ताडून पाहावा. माँट्रियल कराराच्या २०१६ मधल्या किगाली दुरुस्तीने हे गॅसही कमी करायचं ठरलं आणि भारताने तिला २०२१ मध्ये मान्यता दिली.

या कामात पुण्याजवळच्या दोन गोष्टी आवर्जून सांगाव्याशा वाटतात. शिरवळच्या गोदरेजच्या कारखान्यात २०१२ पासून आर-२९० वर, म्हणजे शुद्ध प्रोपेनवर चालणारे घरगुती एसी बनू लागले. प्रोपेनचा हवा तापवण्याचा गुण नगण्य आणि तो लागतोही कमी, तीन-साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. पण तो पेट घेतो, त्यामुळे तो हाताळणारा माणूस शिकलेलाच हवा. आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमात ओझोनविषयीचं काम ज्यांनी पॅरिसहून बरीच वर्षं सांभाळलं ते राजेंद्र शेंडे पुढे पुण्याच्या ‘टेर’ पॉलिसी सेंटरशी जोडले गेले.  जगाच्या करारांमध्ये जे लिहिलं जातं ते शेवटी कोथरूडच्या एका पितळी नटापाशी येऊन ठरतं. तो नट आवळणाऱ्याला काय शिकवलं, किती पैसे दिले आणि किती वेळ दिला, यावर करार पाळला जाणार की नाही हे अवलंबून आहे.

अमेरिकेत १९९२ पासून गॅस मुद्दाम हवेत सोडणं गुन्हा आहे आणि परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवल्याशिवाय यंत्रणा उघडता येत नाही. आपल्याकडे आयटीआयमध्ये या कामाचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, पण घरोघरी एसी उघडायला तो केलेला असण्याची सक्ती नाही. २०१९ च्या राष्ट्रीय शीतकरण कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट ठेवलं गेलं, ते योग्यच होतं. तरी आजही अनेक मुलं उस्तादाच्या हाताखाली राहूनच शिकतात, आणि उस्तादाची चूकही तशीच पुढे जाते. उमरग्याच्या त्या मेकॅनिकने स्वतःच्या पैशाने व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा घेतला होता. “ॲपवरच्या कामात याचे पैसे कुणी वेगळे देत नाही,” तो म्हणाला. “पण मला रात्री झोप लागते.”

त्याचं वर्षही समजून घ्यायला हवं. मार्च ते जून हात पुरत नाहीत. पावसाळ्यात गळक्या ड्रेनची किरकोळ कामं. थंडीत गीझरचे एलिमेंट आणि थर्मोस्टॅट बदलायचे. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांत त्यावर क्षाराचा जाड थर बसलेला असतो. वर्षाची कमाई चार महिन्यांत करायची म्हटल्यावर काम उरकण्याची सवय लागणारच. हिवाळ्यात त्याला काम मिळालं तर उन्हाळ्यातला ताण कमी होईल आणि आपलंही काम नीट होईल.

बाहेरच्या युनिटची जागा हा मात्र बिल्डर आणि आपण मिळून केलेला अपराध आहे, आणि इथे मला राग आवरत नाही. इमारतीचं दर्शन बिघडू नये म्हणून युनिटं अरुंद डक्टमध्ये एकावर एक टांगलेली असतात. खालच्याची गरम हवा वरच्याच्या तोंडात जाते, आणि वरचा एसी मे महिन्यात पन्नास अंशांच्या भट्टीत धडपडत राहतो. तिथे पोचायला वाट नसते. बाथरूमच्या खिडकीच्या काचा काढून, पाइपवर पाय देऊन, लोखंडी अँगलवर उभं राहून माणूस काम करतो. पट्टा नाही, खाली काही नाही. त्याच्या त्या कसरतीचे आपण पाच-सहाशे रुपये देतो आणि वर पन्नास कमी करायला सांगतो. गंजलेल्या अँगलवर माणसाला चढवणं थांबवणं ही सोसायटीच्या कमिटीची जबाबदारी आहे: पट्टा अडकवायला गच्चीवर पक्का हुक, अँगलची दर दोन-तीन वर्षांनी तपासणी, आणि पट्ट्याशिवाय काम नाही हा नियम. लिफ्टच्या देखभालीचा करार आपण करतोच, हेही त्याच वहीत लिहावं.

त्या डक्टमध्ये कबुतरं राहतात. युनिटच्या खाली घरटं, मागच्या कॉइलमध्ये पिसं, वर विष्ठेचा थर. विष्ठा ॲल्युमिनियमचे पडदे खाते, पिसं हवा अडवतात. माणसाच्या फुप्फुसाला त्याहून जास्त धोका. वाळलेली विष्ठा खरवडली की तिची धूळ उडते, आणि ती धूळ श्वासातून गेल्याने होणारे फुप्फुसाचे आजार आता छातीच्या डॉक्टरांच्या चांगल्याच परिचयाचे आहेत. मेकॅनिक येण्याआधी तिथे पाणी मारून ते ओलं करून ठेवावं, त्याला मास्क द्यावा, आणि काम झाल्यावर जाळी बसवावी. जाळी युनिटच्या अंगाला चिकटवू नये, हवेला जागा सोडावी. आणि गॅलरीत दाणे टाकणं बंद करावं. दाणे टाकणाऱ्याच्या पुण्याचा हिशेब वरच्या मजल्यावरच्या आजींचा खोकला चुकवतो.

विजेचं बिल शेवटी घेतो, कारण बहुतेकांना तेच आधी आठवतं. दीड टनाचा एसी पूर्ण ताकदीने चालला की तासाला साधारण दीड युनिट घेतो. महावितरणच्या घरगुती दराच्या पायऱ्या १००, ३००, ५०० युनिटांना चढतात. घरातला फ्रीज, दिवे, पंखे खालच्या पायऱ्यांत बसतात, आणि एसीची युनिटं त्यांच्यावर, महागड्या पायरीवर जाऊन बसतात. भरलेल्या जाळ्या बदलल्या किंवा साफ केल्या तर वापर पाच ते पंधरा टक्के घटतो, असं अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचं सांगणं आहे. ही बचत सर्वांत महाग युनिटांतली असते. २०२० पासून स्टार लेबलचे एसी सुरू होताना आपोआप २४ अंशांवर येतात, आणि प्रत्येक अंश वर ठेवल्याने साधारण ६ टक्के वीज वाचते असं वीज मंत्रालयाने म्हटलं आहे. पण पट्टीवरचे पाच तारे प्रयोगशाळेतल्या स्वच्छ कॉइलला मिळालेले असतात. दोन वर्षं न धुतलेल्या एसीला २४ वर ठेवून खोली गार होत नाही, मग घरचे तो १८ वर नेतात, आणि तारे कागदावर राहतात.

वार्षिक करार करत असाल तर तो नीट वाचा. एक प्रकार नुसत्या सर्व्हिसचा, दुसरा सुट्या भागांसकटचा. दुसऱ्यातही गॅस आणि कॉइल वगळलेले असू शकतात. चार-पाच वर्षांच्या एसीला, ज्याच्या कॉम्प्रेसरची कंपनीची हमी शिल्लक आहे त्याला, महागडा करार सहसा परवडत नाही. एक चांगला मेकॅनिक कायमचा बांधून ठेवणं जास्त फायद्याचं. बरेच सुटे भाग बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीसारख्या ठिकाणी मिळतात. कपॅसिटर बदलून चालणाऱ्या एसीला ‘पीसीबी गेलाय’ म्हणून हजारो रुपये मागितले जातात, तेव्हा काढलेला जुना भाग हातात मागा.

यंदाच्या नोव्हेंबरमध्ये सर्व्हिस करून घेतलीत, की धुतल्यावर तासभर नुसत्या फॅन मोडवर एसी चालवा, म्हणजे आतली ओल वाळेल आणि बंद काळात बुरशी धरणार नाही. मग एमसीबी खाली पाडा, रिमोटचे सेल काढा. बाहेरच्या युनिटला प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका. आत दमट राहतं आणि उंदीर वायर कुरतडायला येतात. गळती निघाली, तर शोधण्याचे, जोडाचे, नायट्रोजनचे, व्हॅक्यूमचे आणि ग्रॅमवर भरलेल्या गॅसचे पैसे वेगवेगळे लिहून मागा, आणि ते घासाघीस न करता द्या. त्या कामाला अर्धा दिवस जातो आणि सामानाला पैसे पडतात. मेकॅनिक निघण्यापूर्वी त्याच्याकडून बाहेरच्या युनिटच्या आतल्या झाकणावर पक्क्या शाईच्या मार्करने तीन गोष्टी लिहून घ्या: तारीख, कुठला जोड दुरुस्त केला, किती ग्रॅम गॅस भरला. उद्या घर बदललं, मेकॅनिक बदलला, तरी पुढचा माणूस झाकण उघडेल तेव्हा त्याला गॅसच्या सिलिंडरआधी ती ओळ दिसेल.